साडेनऊचा निरोप

माझं सणसवाडीत औषधांचं दुकान आहे. पुण्याहून नगर रस्त्याला लागलं आणि वाघोली, लोणीकंद, कोरेगाव भीमा मागे टाकलं की आमचं गाव येतं. औषध दुकानदाराला भाषणाला बोलावलं की तो सर्दी-खोकल्यावर काहीतरी सांगेल, अशी अपेक्षा असते. मी आज एका व्यसनाबद्दल आणि मोबाइलबद्दल बोलणार आहे. पण त्याआधी एक चूक सांगावी लागेल. ती माझीच आहे.

मी दुकान टाकलं तेव्हा गावात निम्मी शेती आणि निम्मे कारखाने होते. पुढे कारखाने वाढत गेले. बीड, लातूर, नांदेड, यवतमाळ, शिवाय बिहार आणि उत्तर प्रदेशातून मुलं कामाला आली. गावकऱ्यांनी शेताच्या कडेला दहा बाय दहाच्या खोल्या बांधल्या. एका खोलीत चार-पाच जण. दोघं दिवसपाळीला, दोघं रात्रपाळीला. गादी कधी गार होत नाही. ही मुलं डॉक्टरकडे फारशी जात नाहीत. फी द्यायची आणि वर एक खाडा, हे परवडत नाही. त्यापेक्षा मेडिकलमध्ये येऊन, "काका, कंबर धरलीय, काहीतरी भारी द्या," म्हणणं सोपं असतं.

२०१७ सालच्या पावसाळ्यात असाच एक मुलगा आला. त्याचं नाव सांगत नाही. बीड जिल्ह्यातला, वय बावीस-तेवीस, प्रेस शॉपमध्ये कंत्राटी कामाला. पत्रे उचलून उचलून खांदा आणि कंबर गेलेली. त्याच्याकडे डॉक्टरांची चिठ्ठी होती, ट्रॅमाडॉलच्या कॅप्सूल, पाच दिवसांसाठी. मी दिल्या. पाच दिवसांनी तो तीच चिठ्ठी घेऊन पुन्हा आला.

तीच चिठ्ठी पुन्हा चालवायची नसते, हे मला चांगलं माहीत होतं. ट्रॅमाडॉल २०१४ पासून एच-वन यादीत आहे. या यादीतलं औषध दिलं की वेगळ्या वहीत रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव, औषध किती दिलं हे लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. मी पुन्हा दिलं. मग पुढच्या आठवड्यात पुन्हा. माझ्या वहीत पहिली नोंद आहे, पुढच्या नाहीत. मुलगा कष्टाळू होता, दारूला शिवत नव्हता, अंग दुखतं म्हणून घेत होता. मी स्वतःची अशी समजूत घालत होतो. विक्रीही होत होती, हेही खरं.

आता थोडं औषधाबद्दल सांगतो. अफू, अफूतून काढलेलं मॉर्फीन आणि कोडीन, मॉर्फीनपासून तयार होणारं हेरॉइन, त्याचंच अशुद्ध रूप म्हणजे आपल्याकडे मिळणारं गर्द, आणि प्रयोगशाळेत बनणाऱ्या ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक कॅप्सूल, ही सगळी एकाच घराण्यातली. मेंदूतल्या एकाच कुलपाला लागणाऱ्या या किल्ल्या आहेत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या दिवसांपुरती घेतली तर ही औषधं मोठ्या दुखण्यात फार उपयोगी पडतात. पण रोज घेतली की शरीर सरावतं. एका कॅप्सूलचं काम दोनवर, मग चारवर जातं. बंद केली की नाक गळतं, जांभया येतात, पोटात मुरडा, जुलाब, अंग मोडून येतं, डोळ्याला डोळा लागत नाही. गर्द घेणाऱ्यांच्या बोलीत याला 'टर्की' म्हणतात. ज्याला टर्की माहीत नाही, त्याला वाटतं मूळचं दुखणंच वाढलंय. मग तो आणखी एक घेतो. आमच्या मुलाचं नेमकं हेच झालं.

एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारने ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं. माल येणं कमी झालं, मीही घाबरलो आणि मुलाला नाही म्हटलं. मला हलकं वाटलं. त्याचं काय झालं असेल, याचा विचार मी केला नाही. त्याला दुसरीकडून माल मिळायला लागला होता. मोबाइलवर एक मेसेज टाकायचा आणि कुणीतरी मोटारसायकलवरून आणून द्यायचं. भाव चौपट.

असा तो एकटाच नव्हता. २०१९ साली केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्समार्फत केलेल्या देशभरच्या पाहणीचा अहवाल आला. देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक या घराण्यातलं काही ना काही घेतात आणि त्यातल्या सुमारे ७७ लाख लोकांना मदतीची गरज आहे, असा तो अंदाज आहे. या ७७ लाखांतले निम्म्याहून जास्त लोक ज्या मोजक्या राज्यांत आहेत, त्यांत महाराष्ट्राचं नाव आहे. वेदनाशामक गोळ्या घेणारे हे हेरॉइन घेणाऱ्यांच्या फारसे मागे नाहीत, असंही त्यात दिसतं. म्हणजे निम्मी गोष्ट अंधाऱ्या गल्लीत घडते आणि निम्मी आमच्यासारख्यांच्या ट्यूबलाइटच्या उजेडात.

२०१९ च्या दिवाळीत मुलगा गावी गेला. तिथे त्याला काही मिळालं नाही. तिसऱ्या दिवशी त्याची अवस्था बघून आई आणि मामा त्याला घेऊन थेट माझ्या दुकानात आले. आईने पिशवीतून रिकामी स्ट्रिप काढून काउंटरवर ठेवली. म्हणाली, "भाऊ, लेकराला हे तुम्ही देत होता का?"

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. मी "हो" म्हटलं. ती रागावली नाही. "मग आता काय करायचं ते तुम्हीच सांगा," एवढंच म्हणाली. मी शटर ओढलं आणि त्यांच्याबरोबर पुण्याला गेलो.

पुण्यात व्यसनमुक्ती म्हटलं की मुक्तांगण आठवतं. अनिल अवचटांनी गर्दच्या विळख्यात सापडलेल्या तरुण मुलांवर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, त्यांनी मदतीचा हात पुढे केला आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू झालं. ते उभं केलं डॉ. अनिता अवचट यांनी. त्या कामातली मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट अशी, की तिथे बरे झालेले रुग्णच पुढे कार्यकर्ते झाले. नव्याने आलेल्या माणसाशी बोलायला त्याच वाटेने गेलेला माणूस असायचा. मोबाइल तेव्हा नव्हता. पण आज अ‍ॅपकडून आपण ज्याची अपेक्षा करतो, ते काम तिथे माणसं करत होती.

आमचा मुलगा ज्या केंद्रात होता, त्याचं नाव मी घेत नाही. दाखल करताना तिथल्या समुपदेशक ताईंनी एक प्रश्न विचारला. "महिनाभर आम्ही सांभाळू. पुढचे अकरा महिने कोण सांभाळणार? सणसवाडीत याचं कोण आहे?" मामा म्हणाला, कुणी नाही. आईने माझ्याकडे पाहिलं. अशा रीतीने मी त्याचा सोबती झालो. मोठेपणा वाटावा असं त्यात काही नाही.

ताईंचं म्हणणं पुढे मला पटत गेलं. केंद्रात असताना माल नसतो, मित्र नसतात, पगार नसतो. तिथे सगळेच सुधारतात. परीक्षा सुरू होते ती बाहेर पडल्यावर. तीच खोली, तीच रात्रपाळी, तोच खांदा आणि खिशात तोच मोबाइल. माल आणून देणाऱ्याचा नंबर त्याच मोबाइलमध्ये.

म्हणून घरी सोडताना ताईंनी पहिल्यांदा मोबाइल मागितला. मुलाकडूनच नंबर काढून टाकायला लावले. सिमकार्ड बदलायला लावलं. मग तीन गोष्टी त्यात घातल्या. नालट्रेक्झोन नावाची गोळी रोज घ्यायची होती, तिचा गजर. केंद्राच्या फॉलोअपचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. आणि एक फुकटातलं अ‍ॅप. ते अ‍ॅप दिवस मोजायचं आणि रोज रात्री चार प्रश्न विचारायचं. झोप किती झाली? गोळी घेतली का? आज कुणाशी मोकळं बोललास का? आणि तलफ किती होती, शून्य ते दहा? अ‍ॅप इंग्रजीत होतं. ताईंनी कागदावर एकेका प्रश्नाचं मराठी लिहून दिलं. 'तलफ' शब्दापाशी मुलगा अडला. म्हणाला, "तलफ तंबाखूची असते मॅडम. हे वेगळं आहे. हे आतून कुणीतरी ओढतं." मग ताईंनी तिथे 'ओढ' लिहिलं. आम्हीही पुढे तोच शब्द धरला.

रात्री साडेनऊला अ‍ॅपमधली उत्तरं भरायची आणि त्याचा फोटो मला पाठवायचा, असं ठरलं. साडेनऊ अशासाठी, की दहाला मी दुकान बंद करतो.

खरं सांगायचं तर मला हा पोरखेळ वाटत होता. पण महिन्याभरात त्या आकड्यांनी मला शहाणं केलं. ओढ रोज सारखी नसते. पाळी बदलते त्या दिवशी ती सात-आठवर जायची आणि पगार खात्यात पडला की नऊवर. इतर दिवशी दोन-तीन. हे त्यालाही आधी कळलं नव्हतं. आपण कायमच वाईट आहोत, असं तो समजत होता. कळल्यावर उपाय करता आला. पगार पडला की त्याच संध्याकाळी हजार-दीड हजार ठेवून बाकीचे मोबाइलवरूनच आईच्या खात्यात. पाळी बदलेल त्या दिवशी जेवण आमच्या घरी. आणि नऊच्या वर आकडा गेला तर पंधरा मिनिटं फोनवर नुसतं बोलायचं. काहीही, पिकाबद्दल, क्रिकेटबद्दल. ओढ लाटेसारखी असते, वर चढते आणि उतरते. ती पंधरा-वीस मिनिटं कुणीतरी सोबत असलं, तर बरेचदा निभावतं.

मग मला कुतूहल वाटायला लागलं. जगात इतरत्र असं काही करतात का, ते मी शोधून वाचू लागलो. डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने 'रीसेट-ओ' नावाच्या अ‍ॅपला परवानगी दिली होती. अफूच्या घराण्यातल्या व्यसनासाठी, बारा आठवड्यांचं, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणारं. चिठ्ठीवर मिळणारं अ‍ॅप! मी मनात म्हटलं, हे आता कोणत्या शेल्फवर ठेवायचं? ते एकटं वापरायचं नव्हतं. ब्युप्रेनॉर्फीन नावाचं औषध आणि समुपदेशन चालू असतानाच्या जोडीला ते होतं. त्यामागच्या अभ्यासातले आकडे मला फार बोलके वाटले. संगणकावरचा हा कार्यक्रम ज्यांना दिला, त्यांच्यातले ८२.४ टक्के लोक बारा आठवडे उपचारात टिकले. ज्यांना दिला नाही, त्यांच्यातले ६८.४ टक्के. पण त्यामुळे नशा करणं कमी झालं, असं मात्र दिसलं नाही. म्हणजे ते व्यसन सोडवत नव्हतं, माणसाला उपचारात टिकवून धरत होतं. टिकला तर औषधाला आणि समुपदेशकाला काम करायला वेळ मिळतो. पुढे २०२३ च्या एप्रिलमध्ये ते अ‍ॅप काढणाऱ्या पेअर थेराप्युटिक्स या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. अ‍ॅपवर माणूस विसंबला आणि कंपनीच बुडाली तर काय, हाही प्रश्न त्यातून समोर आला.

दारूच्या बाबतीत अमेरिकेच्याच विस्कॉन्सिन विद्यापीठाने 'ए-चेस' नावाचं अ‍ॅप तयार केलं. केंद्रातून घरी गेलेल्या ३४९ लोकांवरचा त्याचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात घाबरल्यावर दाबायचं बटण होतं, आणि माणूस नेहमीच्या बारजवळ गेला तर फोन त्याला सावध करायचा. महिन्यातले धोकादायक पिण्याचे दिवस, ज्यांना अ‍ॅप दिलं नाही त्यांच्यात सरासरी २.७५ होते आणि ज्यांना दिलं त्यांच्यात १.३९, म्हणजे जवळजवळ निम्मे. आणि आपल्या शेजारच्या गोव्यात 'संगथ' या संस्थेने तर अ‍ॅपशिवायच करून दाखवलं. डॉक्टर नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या साध्या माणसांनी दहा आरोग्य केंद्रांतल्या ३७७ दारू पिणाऱ्या पुरुषांपैकी निम्म्यांशी ठरावीक पद्धतीने चार गोष्टी बोलायच्या. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. तीन महिन्यांनी, ज्यांच्याशी कुणी बोललं त्यांच्यातले ३६ टक्के सावरलेले होते, इतरांमधले २६ टक्के. या सगळ्याचं सार मला एकच दिसतं. उपचाराला धरून ठेवणारा कुणीतरी हवा. मोबाइल त्या माणसाला जवळ आणतो, पण त्याची जागा घेत नाही.

हे मी वाचून शिकलो नाही. जानेवारी २०२० मध्ये शिकलो.

मुलाचा त्रेसष्टावा दिवस होता. रात्री साडेनऊचा निरोप आला नाही. मला वाटलं, जादा काम लागलं असेल. मी झोपलो. दुसऱ्या दिवशीही साडेनऊ वाजले, पावणेदहा झाले, फोन लागेना. मी दुकान तसंच पोराच्या भरवशावर टाकून त्याच्या खोलीवर गेलो. खोलीतला दुसरा मुलगा म्हणाला, "झोपलाय, संध्याकाळपासून. मघाशी थोडा थडथडला." मी हात लावला. अंग गार, ओठ निळसर, श्वास फार सावकाश. १०८ ला फोन केला. कुशीवर वळवून ठेवला आणि रुग्णवाहिका येईपर्यंत नावाने हाका मारत राहिलो. इस्पितळात नेलं. वाचला.

नंतर कळलं ते असं. "आता मी बरा आहे," म्हणून त्याने दहा दिवसांपूर्वीच गोळी बंद केली होती. अ‍ॅप रोज विचारत होतं, गोळी घेतली का? तो रोज 'हो' दाबत होता. अ‍ॅपला खोटं सांगता येतं. अ‍ॅप डोळ्यांत बघत नाही. पगाराचा दिवस आला, जुना मित्र भेटला आणि त्याने पूर्वीइतक्याच कॅप्सूल एकदम घेतल्या.

श्रोतेहो, इथे मी जे सांगतो ते कृपा करून लक्षात ठेवा. दोन महिने नशेपासून दूर राहिलेल्या माणसाचं शरीर सरावलेलं राहत नाही. पूर्वी तो जेवढी मात्रा पचवत होता, तेवढीच आता जिवावर बेतू शकते. केंद्रातून, तुरुंगातून किंवा इस्पितळातून नुकतंच बाहेर पडल्यावरचे दिवस म्हणूनच सगळ्यात धोक्याचे. ट्रॅमाडॉलने जोडीला फिटही येऊ शकते. श्वास मंदावला, ओठ निळे पडले, हाक मारून जागा होत नाही, तर "झोपू द्या, उतरेल" म्हणू नका. ताबडतोब १०८. इस्पितळात नॅलोक्झोनचं इंजेक्शन असतं, ते अशा वेळी श्वास परत आणतं. पण त्यासाठी माणूस तिथे वेळेत पोचायला हवा. त्या पहिल्या रात्री मी खोलीवर गेलो असतो तर, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

तिसऱ्या दिवशी खाटेवर बसून त्याने मोबाइल उघडला. अ‍ॅपने विचारलं, नशा केली का? या वेळी त्याने खरं सांगितलं. पडद्यावर इतके दिवस साठत आलेला आकडा पुसला गेला आणि शून्य आलं. त्याने फोन उलटा ठेवला. "काका, संपलं. सगळं शून्य झालं. मी गावी जातो."

त्या शून्याने त्याला जेवढं खचवलं, तेवढं इस्पितळानेही खचवलं नव्हतं. मला सुचलं ते दुकानदाराचं. मी म्हटलं, "अरे, एका रात्रीचा गल्ला चोरीला गेला म्हणून कुणी दुकान विकतं का? त्रेसष्ट दिवसांचा माल शेल्फवर आहे ना? पाळी बदलते तेव्हा ओढ वाढते, हे तुला कळलंय. पैसे आईकडे पाठवायला शिकलास. ते कुठे शून्य झालं?" तो काही बोलला नाही, पण गावी गेला नाही. ताईंनीही तेच सांगितलं. घसरणं हे या आजारात होतं. मधुमेहाच्या माणसाची साखर एकदा वाढली म्हणून आपण त्याला घराबाहेर काढत नाही.

मग आम्ही दोन बदल केले. मी एक नवी वही आणली. तिच्यात नशेशिवायचे एकूण दिवस लिहायचे. मध्ये घसरण झाली तरी आधीचे दिवस पुसायचे नाहीत, पुढे मोजायचं. अ‍ॅपमध्ये शून्य, वहीत त्रेसष्ट. आणि डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केल्यावर ती माझ्या दुकानात ठेवायची. रोज पाळीला जाता-येता काउंटरवर यायचं आणि माझ्यासमोर घ्यायची. ज्या काउंटरवरून मी त्याला नको ते दिलं होतं, तिथेच.

मार्चमध्ये टाळेबंदी आली. कारखाने बंद. मुलं सामान डोक्यावर घेऊन नगर रस्त्याने चालत निघालेली मी दुकानातून पाहिली. हा मात्र थांबला. केंद्रात जाणं बंद झालं होतं. अशा वेळी मोबाइलचं खरं मोल कळलं. ताई फोनवर बोलायच्या. आठवड्यातून एकदा मोबाइलच्या पडद्यावर दहा-बारा जणांची बैठक भरायची, कुणी चंदननगरचा, कुणी साताऱ्याचा. त्याच मार्च २०२० मध्ये सरकारने टेलिमेडिसिनची नियमावली काढली होती, त्यामुळे नालट्रेक्झोनची चिठ्ठी डॉक्टर फोनवर तपासून पाठवू शकले. अमली पदार्थांच्या कायद्यातली औषधं, उदाहरणार्थ ब्युप्रेनॉर्फीन, अशा चिठ्ठीवर देता येत नाहीत, हे मात्र लक्षात ठेवा. औषधाचं दुकान उघडं होतं, म्हणून गोळी चुकली नाही. त्या वर्षी अ‍ॅप, डॉक्टर, ताई आणि मी, सगळे मिळून एक पूर्ण माणूस झालो, असं म्हणायला हरकत नाही.

आता काही सावधगिरीच्या गोष्टी. पहिली म्हणजे गुप्तता. कोणत्या दिवशी नशा केली, ही माहिती आपण अ‍ॅपला देतो. ती कुठे जाते? २०२४ मध्ये अमेरिकेत 'मोन्युमेंट' या दारूमुक्तीच्या ऑनलाइन सेवेवर तिथल्या व्यापार आयोगाने कारवाई केली, कारण रुग्णांची माहिती जाहिरातीसाठी इतर कंपन्यांना दिली गेली होती. तेव्हा अ‍ॅपमध्ये खरं नाव, कारखान्याचं नाव घालू नका. फोनमधले नंबर आणि फोटो बघायची परवानगी ते मागत असेल, तर देऊ नका. आणि उपचार घेणाऱ्या डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना विचारूनच अ‍ॅप निवडा. 'सात दिवसांत व्यसन सोडवा' म्हणणारं अ‍ॅप आणि 'नकळत जेवणात घाला' म्हणणारी पावडर, या दोन्हींपासून लांब राहा.

दुसरी भीती पोलिसांची. उपचाराला गेलो तर पकडतील, असं मुलांना वाटतं. अमली पदार्थांच्या कायद्यातच ६४-अ हे कलम आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाण बाळगण्याच्या आरोपात सापडलेला व्यसनी माणूस आपणहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला आणि उपचार पूर्ण केला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. त्यासाठी वकिलाचा सल्ला घ्यावा, पण कायदा उपचाराच्या आड येण्यासाठी केलेला नाही.

तिसरी गोष्ट, ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याचंही काही अडत नाही. १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा फोन नंबर आहे, त्याला पैसे पडत नाहीत. १४४१६ ही ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली टेलिमानस सेवा, मनाच्या कोणत्याही त्रासासाठी, मराठीतही बोलता येतं. साध्या फोनवरूनही लागतात. मी हे दोन्ही नंबर मोठ्या अक्षरांत लिहून दुकानात लावले आहेत, वेदनाशामक औषधांच्या कप्प्याशेजारीच.

आमच्या मुलाचं पुढे काय झालं, असं तुम्ही विचाराल. २०२१ मध्ये तो आणखी एकदा घसरला. या वेळी त्याने लपवलं नाही. त्याच संध्याकाळी फोन केला. वहीतले दिवस पुसले गेले नाहीत. त्यानंतर आजपर्यंत घसरलेला नाही. उद्याचं मी सांगत नाही, तोही सांगत नाही. खांद्यासाठी व्यायाम शिकून घेतला आहे आणि पत्रे उचलण्याच्या कामावरून तो तपासणीच्या कामावर गेला आहे.

शेवटी माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती. तीच चिठ्ठी घेऊन मुलगा दुसऱ्यांदा आला तर त्याला 'नाही' म्हणा. पण 'नाही' म्हणून शटर ओढू नका, मी ओढलं होतं. त्याला विचारा, किती दिवस घेतोयस, बंद केलं की काय होतं. आणि १४४४६ लावून फोन त्याच्या हातात द्या. तुमच्या घरातला, शेजारचा कुणी उपचार घेऊन परत आला असेल, तर त्याच्या मोबाइलमध्ये अ‍ॅप आहे का ते नंतर बघा. आधी हे बघा, की रात्री त्याचा निरोप आला नाही तर कुणाच्या लक्षात येईल? कुणाच्याच नसेल, तर ते काम तुम्ही घ्या.

मुलगा आता रोज फोटो पाठवत नाही. रविवारी पाठवतो. साडेनऊलाच.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)